चाकांवरचे घर

वाचकहो, आपल्या शेतकरी घरात सगळ्यांनी मिळून कुठे जायचे ठरले की पहिला प्रश्न पैशाचा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘मागे कोण राहणार?’ गाय दुभती असते, शेळी गाभण असते, दारात कुत्रे असते, आणि या मुक्या जिवांना सुट्टी म्हणजे काय ते ठाऊक नसते. आमच्या आईने पंढरपूर पाहिले ते गाय आटल्यावर, तेही दोन दिवसांत परत यायच्या बोलीवर. तुमच्याही घरात असे मागे राहणारे एक माणूस असेल. बहुतेक ते बाईमाणूसच असते.

हाच प्रश्न मला सातासमुद्रापलीकडे ऐकायला मिळाला. माझा पुतण्या अमेरिकेत इंडियाना राज्यात नोकरीला आहे. एका उन्हाळ्यात मी त्याच्याकडे दोन महिने राहून आलो. घरात तो, सूनबाई, सोळा वर्षांचा नातू, दहा वर्षांची नात आणि दोन कुत्री. एक तरणे, पंचवीस किलोचे. दुसरे म्हातारे, पस्तीस किलोचे, मागच्या पायांनी लंगडणारे. ही दोन्ही कुत्री घरातल्या माणसांसारखीच वागवलेली. पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्या जागा तिकडे आहेत, पण म्हातारे तिथे अन्नाला तोंड लावत नाही. म्हणून कुठे जायचे निघाले की चौघांपैकी एक जण मागे.

यावर पुतण्याने तोड काढली होती. चाकांवरचे घरच विकत घ्यायचे! ट्रकच्या मागे जोडायचे, आणि माणसे, कुत्री, मुलांच्या मोटारसायकली, सगळे बरोबर घेऊन निघायचे. ते घर निवडायला आम्ही हिंडलो, त्याची ही हकीकत. तुमचा मुलगा किंवा पुतण्या तिकडे असेल, तर त्याला कळवण्यासारखे यात पुष्कळ आहे. आणि तिकडे कोणी नसेल, तरी ट्रॉली आणि बैलगाडी आपल्या दारात आहेच.

आम्ही गेलो ते एल्खार्ट जिल्ह्यात. शिकागो शहरापासून पूर्वेला सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. सपाट काळी-तपकिरी जमीन, जिकडे पाहावे तिकडे मका आणि सोयाबीन, मधूनच दुधाचे गोठे आणि उंच गोल कणगीसारखी धान्याची कोठारे. या शेतांच्या मधोमध लांबच लांब पत्र्याचे कारखाने उभे आहेत. अमेरिकेत जी चाकांवरची घरे विकली जातात, त्यांतली बहुसंख्य या एका मुलखात बनतात. १९३० च्या दशकात इथे या धंद्याने मूळ धरले. एल्खार्ट गावात या वाहनांचे संग्रहालय आहे. त्यात १९१३ सालचे, जुन्या फोर्ड गाडीमागे जोडायचे एक लाकडी घर ठेवले आहे. आपल्या जुन्या छकड्याला छप्पर घातले तर जेवढे दिसेल तेवढेच!

मला खरे नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. या भागात आमिश नावाच्या पंथाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या धर्माचरणात स्वतःची मोटार बाळगणे बसत नाही. काळी बंद घोडागाडी, मागे नारिंगी त्रिकोण, आणि खाडखाड टापा वाजवत जाणारा घोडा, हे त्यांचे वाहन. शिपशेवाना गावात दुकानांपुढे मोटारींच्या जागेशेजारीच घोडे बांधायच्या दांड्या आहेत, आणि तिथला जनावरांचा बाजार पाहून मला आपल्या आठवडी बाजाराची आठवण झाली. आता गंमत अशी की, याच आमिश लोकांतले अनेक कर्ते पुरुष पहाटे उठून सायकलीवर किंवा भाड्याच्या गाडीतून या कारखान्यांत कामाला जातात. स्वतः मोटार न बाळगणारे हात दुसऱ्यांसाठी मोटारीमागची घरे बांधतात! शेती वाटण्यांनी लहान झाली, जमिनीचे भाव वाढले, म्हणून हे कामगार झाले. हे दुखणे आपल्यालाही नवे नाही.

या धंद्याला शेतीसारखेच तेजी-मंदीचे झटके बसतात. २००९ च्या मंदीत या जिल्ह्यातली बेकारी अठरा टक्क्यांच्या वर गेली होती. पुढे साथीच्या काळात लोकांना हॉटेल नको झाले, घर बरोबर नेणे बरे वाटू लागले, आणि २०२१ मध्ये देशभरात अशी सहा लाखांवर वाहने कारखान्यांतून बाहेर पडली. २०२३ मध्ये हाच आकडा सव्वातीन लाखांच्या आत आला. तेजीत हौसेने घेतलेली पुष्कळ घरे मग लोकांनी विकायला काढली. म्हणून पहिली गोष्ट ध्यानात घ्या. हे वाहन नवेच घ्यायला पाहिजे असे नाही. नव्याची किंमत मोठी असते, काहींची तर लाख डॉलरांच्या पुढे जाते, कर्ज दहा-पंधरा वर्षांचे असते, आणि गाडी दारात आली त्या दिवसापासून तिची किंमत उतरू लागते.

आम्हाला हवा होता तो प्रकार म्हणजे ‘टॉय हॉलर’. नावाचा अर्थ खेळणी वाहणारा. खेळणी म्हणजे मोटारसायकली आणि वाळूत, चिखलात पळणाऱ्या चारचाकी गाड्या. मोठ्यांचीच खेळणी ती! या घराच्या पुढच्या भागात पलंग, शेगडी, शीतकपाट, न्हाणी, संडास असते. मागचा भाग मोकळा, गोठ्यासारखा. मागची अख्खी भिंत खाली पडते आणि तिचा उतार होतो. त्यावरून मोटारसायकली चढवायच्या आणि जमिनीतल्या कड्यांना पट्ट्यांनी आवळायच्या. मुक्कामी पोचल्यावर मोटारसायकली बाहेर, आणि गोठ्याची खोली होते. भिंतीला दुमडलेले बाक आणि पलंग खाली येतात. काही घरांत तीच पडती भिंत साखळ्यांवर आडवी तोलून धरता येते, कठडा लावला की झाला ओटा!

कुत्री असलेल्या घराला हे फार सोयीचे. जमीन गालिच्याची नसते, रबराची किंवा तसल्याच टणक वस्तूची असते, बादलीभर पाणी ओतून धुता येते. लंगड्या कुत्र्याला उंच पायऱ्या चढायला नकोत, उतारावरून ते हळूहळू वर येते. मात्र उतारावर पाय घसरू नये म्हणून खरखरीत लेप असतो, तो कुत्र्याच्या तळव्यांना सोलतो. तिथे एक सतरंजी किंवा रबरी पट्टी टाकावी.

विक्रेत्याच्या आवारात शेकडो घरे ओळीने उभी होती. पुतण्याला एक मोठे घर पसंत पडले. आत शिरलो तर काय, दोन पलंग, मोठी न्हाणी, भिंतीवर दूरदर्शन संच! विक्रेता म्हणाला, “तुमचा ट्रक ५,००० किलो ओढतो. हे भरून ४,५०० होते. निर्धास्त न्या.” पुतण्याने खिशातून पेन काढले. तेवढ्यात सूनबाई मला हळूच म्हणाल्या, “काका, तुम्ही एकदा बघा ना. मला यातले कळत नाही, पण भीती वाटते.”

त्यांच्या भीतीला कारण होते. आदल्या उन्हाळ्यात त्यांनी असेच एक घर भाड्याने नेले होते. दुपारी कुत्र्यांना गार हवेच्या यंत्राखाली आत ठेवून सगळे तळ्यावर गेले. मुक्कामाच्या जागेची वीज गेली, यंत्र बंद पडले. पत्र्याचे बंद घर, भर उन्हात. उन्हात उभ्या बंद मोटारीत दहा मिनिटांत दहा-अकरा अंश उष्मा वाढतो, तर तिथे काय झाले असेल! शेजारच्या बाईने भुंकणे थांबल्याचे ऐकले आणि माणसे बोलावली. म्हातारे कुत्रे जमिनीला चिकटून धापा टाकत होते. पाण्याने भिजवून, पंख्याखाली धरून, जनावरांच्या डॉक्टरकडे नेले म्हणून वाचले. त्या दिवसापासून सूनबाईंना चाकांवरच्या घराचे नाव काढले तरी धडकी भरे.

मला मोटारीतले कळत नाही, पण गाडी भरण्यातले कळते. मी पुतण्याला म्हटले, “पेन ठेव. आधी वजनाचा कागद दाखव.” प्रत्येक घरावर तो चिकटवलेला असतो. त्यावर दोन आकडे पाहायचे. एक, भरून जास्तीत जास्त किती वजन चालेल. दुसरा, त्यात सामान किती घालता येईल. या घराचे रिकामे वजन ३,४०० किलो, म्हणजे सामानाला उरले १,१००. आम्ही तिथेच हिशेब मांडला. चारचाकी खेळण्याचे ३००. दोन मोटारसायकलींचे १५०. पाण्याची टाकी १०० गॅलनची, एक गॅलन पावणेचार लिटरपेक्षा थोडा जास्त, म्हणजे पाणीच ३७८ किलो. पेट्रोलची टाकी ३० गॅलनची, तिचे ८० किलो. झाले ९०८. भांडी, अंथरुणे, अवजारे, खाणेपिणे यांचे २००. कुत्र्यांचे खाद्य आणि पिंजरे ४०. एकूण १,१४८. म्हणजे घर भरले की ओझे मर्यादेबाहेर!

हा झाला अर्धा हिशेब. उरलेला अर्धा तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही बैलगाडी भरली आहे. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलते, बैलांचे गळे आवळतात. माल पुढे जास्त झाला की खांदे सुजतात. थोडा दाब जुवावर हवा, फार नको. तिकडे त्याचे माप ठरलेले आहे. ट्रकच्या मागे जोडायच्या घराचा दहा ते पंधरा टक्के भार ट्रकच्या जोडावर पडला पाहिजे. त्याहून कमी पडला तर घर उलाळ, आणि वेगात ते साप वळवळावा तसे मागे झुलू लागते. असे झुलणारे घर ट्रकलाही घेऊन उलटते. टॉय हॉलरला ही काळजी जास्त, कारण मोटारसायकली चाकांच्या मागच्या बाजूला उभ्या राहतात. म्हणून गोठा रिकामा असताना किती दाब आणि भरल्यावर किती, हे दोन्ही विचारून घ्यावे.

आता त्या ४,५०० किलोच्या घराचा अकरा टक्के धरला तरी सुमारे ५०० किलो भार ट्रकच्या पाठीवर आला. ओढण्याची ताकद वेगळी आणि पाठीवर घेण्याची वेगळी! बैल गाडीतले वीस पोती ओढतो, पण वीस पोती त्याच्या पाठीवर ठेवता का? ट्रकच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक कागद असतो. त्यावर माणसे आणि सामान मिळून किती भार चालेल ते लिहिलेले असते. पुतण्याच्या ट्रकवर आकडा होता ७००. चार माणसांचे २३०, माझे ६५, कुत्र्यांचे ६०, आणि जोडाचे ५००. झाले ८५५! विक्रेता खोटे बोलला नव्हता. ट्रकने ते घर ओढले असते. पण एखाद्या उतारावर ब्रेक दाबताना काय झाले असते, ते सांगायला आम्ही राहिलो असतो की नाही कोण जाणे.

“कुत्री मागच्या गोठ्यात बसवली तर?” नातवाने विचारले. नाही, वाचकहो. हे कधीही करायचे नाही. चालत्या ट्रेलरमध्ये माणसे बसवायला अनेक राज्यांत कायद्याने मनाई आहे, आणि जनावरालाही तोच न्याय लावावा. आत हादरे बसतात, उकडते, पट्टा तुटून मोटारसायकल अंगावर येऊ शकते, आणि पेट्रोलची वाफ कोंडते. कुत्री ट्रकमध्ये, आपल्या डोळ्यांपुढे, पट्ट्याने किंवा पिंजऱ्यात बांधलेली हवीत.

पेट्रोलच्या वाफेची गोष्ट मुक्कामावरही विसरू नये. मोटारसायकली बाहेर काढल्या की गोठा धुवावा, दारे-खिडक्या उघड्या ठेवून वारा खेळू द्यावा, वास पुरता गेला की मगच त्यात अंथरूण घालावे. वीज तयार करणारे इंजिन चालू असताना त्याचा धूर आत येत नाही ना, ते पाहावे. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतला माणूस झोपेतच जातो. तो वायू ओळखून घंटा वाजवणारे लहान यंत्र घरात असते. ते चालू आहे का, हे विकत घेतानाच बोटाने दाबून ऐकावे.

शेवटी आम्ही एक लहान, चार वर्षे वापरलेले घर निवडले. रिकामे २,०५० किलो, भरून ३,२०० पर्यंत चालणारे. विकत घेण्याआधी पुतण्याने छताचे सांधे पाहिले, कोपरे दाबून पाहिले. पाणी मुरलेली लाकडी भिंत बोटाखाली मऊ लागते, आणि असे घर फुकट मिळाले तरी महागच. टायरांवरची तारीख पाहिली. झीज दिसत नसली तरी उभ्या गाडीचे टायर वयाने कुजतात, म्हणून चारही नवे घातले. मागची भिंत लावल्यावर कडेने उजेड दिसतो का, ते पाहिले. उजेड येतो तिथून धूळ आणि पाऊसही येतो.

चारचाकी खेळणे घरीच ठेवायचे ठरले. नातवाने थोडे तोंड वाकडे केले, पण आकडे त्यानेच मांडले होते. सामान भरून आम्ही महामार्गावरच्या ट्रकतळावर वजन केले. आपल्या साखर कारखान्याच्या काट्यासारखाच काटा तिथे असतो, थोडे पैसे दिले की छापील कागद मिळतो. घर भरले २,५३५ किलो. जोडाचा भार ३०४. जोडाचे लोखंड ३५, माणसे आणि कुत्री ३५५. एकूण ६९४. मर्यादा ७००!

सहा किलोंवर जीव टांगून कुठे जायचे? मी म्हटले, “मी राहतो मागे. माझे पासष्ट सुटतील.”

सूनबाईंनी मान हलवली. “काका, मागे कोणी राहायचे नाही म्हणून तर हा खटाटोप चाललाय.”

मग नातीने सुचवले की पुढच्या पोटातले पाणी सोडून द्यावे, तिथे नळ आहेच. वीस गॅलन पाणी सोडले. पुन्हा काट्यावर गेलो. जोडाचा भार २७५ वर आला, म्हणजे अकरा टक्के, आणि ट्रकवरचा एकूण ६६५. आता निघायला हरकत नव्हती. साखळ्या जोडाखाली एकमेकींवरून आडव्या लावल्या, म्हणजे जोड सुटलाच तर दांडी रस्त्यात रुतणार नाही. घर सुटले तर त्याचे ब्रेक आपोआप लागावेत यासाठी एक बारीक तार असते, तीही अडकवली.

आम्ही मिशिगन राज्यात सिल्व्हर लेकला गेलो. एका बाजूला लहान तळे, दुसऱ्या बाजूला समुद्रासारखे मिशिगन सरोवर, आणि मध्ये वाळूचे डोंगर. वाळूत गाडी नेण्यासाठी ठरलेली जागा आहे, मोटारसायकलस्वाराच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि गाडीला उंच काठीवर नारिंगी निशाण लावल्याशिवाय तिथे सोडत नाहीत. कुत्र्यांचे नियमही कडक. सहा फुटांपेक्षा लांब दोरी चालत नाही. अशा प्रवासात पिसाळ रोगाच्या लशीचा दाखला जवळ ठेवावा. शिवाय काही मुक्कामांवर दोनांपेक्षा जास्त कुत्री घेत नाहीत, काही ठरावीक जाती घेत नाहीत. तेव्हा जागा राखून ठेवतानाच विचारलेले बरे. सूनबाईंनी स्वतःचा एक नियम केला होता. कुत्री आत एकटी ठेवायची नाहीत. सगळे वाळूत गेले की एक जण सावलीत त्यांच्याजवळ थांबायचे, पण पाळीपाळीने. चार दिवसांत प्रत्येकाची पाळी आली, माझीही.

वाचकहो, आपल्याकडे असले घर येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पण जत्रेला, लग्नाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पन्नास माणसे, वर लहान पोरे, असे आपण किती सहज निघतो! ती ट्रॉली मालासाठी केलेली आहे, माणसांसाठी नव्हे. तिच्या पिनेला खिळा आहे का, माल मागे लोटलाय का, मागचे दिवे लागतात का, एवढे तरी निघण्याआधी पाहत जा. शक्य असेल तर माणसांसाठी एसटी किंवा जीप करा आणि ट्रॉलीत फक्त सामान पाठवा. दोन पैसे जास्त जातील, माणसे परत येतील.

शेवटच्या संध्याकाळी मागची भिंत ओट्यासारखी आडवी केली होती. कठड्याला टेकून सूनबाई पाय सोडून बसल्या होत्या, म्हातारे कुत्रे त्यांच्या पायाशी झोपले होते, आणि मुले वाळूतून येत होती. मला आईची आठवण झाली. ती गेली तेव्हा तिने पंढरपूर सोडून दुसरे गाव पाहिले नव्हते. पुढच्या वेळी तुमच्या घरात जायचे ठरेल, तेव्हा ‘मागे कोण राहणार’ या प्रश्नाचे उत्तर दरवेळी एकच नसू द्या. शेजाऱ्याला सांगा, भावकीला सांगा, पाळी लावा, पण या खेपेस तिला गाडीत आधी बसवा.